हेरेशॉफच्या साडेबारा फुटी होडीचे पाठभेद

जुन्या जातीची शिडाची होडी नव्यानें बांधण्याचा उद्योग हा या त्रैमासिकाचा विषय कसा होतो, अशी शंका वाचकांपैकीं कित्येकांस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, तो उद्योग करणारा मनुष्य जाणून वा न जाणून पोथीच्या संपादकाचेंच काम करीत असतो. मूळ कर्त्याच्या हातची वस्तु त्याच्या पुढें असते किंवा नसते. नकला अनेक असतात. नकलांत कालगतीनें भेद पडलेले असतात. आणि त्यांतून कोणता पाठ खरा धरावयाचा हें त्यास ठरवावें लागतें. या दृष्टीनें अमेरिकेंतील एका लहानशा होडीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तिची पुनर्निर्मिति निदान तीनदां, तीन निरनिराळ्या हेतूंनीं झाली, आणि तिन्ही खेपांचीं फळें पाण्यावर सोडून एकमेकांशीं ताडून पाहतां येतात. पोथ्यांच्या बाबतींत अशी सोय कोणास लाभली आहे? प्रस्तुत लेखांत त्या तिन्ही प्रयत्नांचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे.

मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या दक्षिण किनाऱ्यास बझर्ड्स बे नांवाचा उपसागर आहे. तेथें उन्हाळ्यांत दुपारच्या वेळीं नैर्ऋत्येचा वारा नेमानें व जोरानें सुटतो, आणि पाणी उथळ असल्यामुळें लाटा आंखूड व उभ्या उठतात. १९१४ सालीं रॉबर्ट एमन्स या गृहस्थानें मुलांना शीड हांकावयास शिकवितां येईल अशी, परंतु त्या पाण्यांत न डगमगणारी होडी नॅथॅनियल ग्रीन हेरेशॉफ याजकडे मागितली. हेरेशॉफ (१८४८–१९३८) हा त्या काळीं अमेरिकेंतील सर्वांत नामांकित नौकाशिल्पी होता. ऱ्होड आयलंड संस्थानांत ब्रिस्टल गांवीं त्याचा व त्याचा अंध बंधु जॉन ब्राउन हेरेशॉफ याचा कारखाना १८७८ सालीं निघालेला. 'अमेरिकाज कप' या प्रसिद्ध शर्यतींत १८९३ पासून १९२० पर्यंत अमेरिकेच्या बाजूनें ज्या ज्या नौका जिंकल्या त्या सर्व याच्याच हातच्या. शंभर फुटांहून लांब नौका घडविणाऱ्या त्या हातानें ही जेमतेम सोळा फुटांची होडी घडविली. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी साडेबारा फूट भरते, म्हणून 'साडेबारा फुटी' हें नांव पडलें. आरंभीं तिला बझर्ड्स उपसागराची 'बॉइज बोट' म्हणत. रुंदी ५ फूट १० इंच, पाण्याखालील खोली अडीच फूट, शिडाचें क्षेत्र सुमारें १४० चौरस फूट. तळाच्या कण्याखालीं सातशें पौंडांहून अधिक शिसें ओतलेलें असे, म्हणजे सगळ्या होडीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग नुसता शिशाचा. पोरांच्या खेळण्यास एवढा भार कशास, असें कोणी विचारील तर त्यानें वर सांगितलेल्या लाटा आठवाव्यात. १९४३ पर्यंत हेरेशॉफच्या कारखान्यांतून अशा साडेतीनशेंहून अधिक होड्या बाहेर पडल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. या होडीचा 'वर्ग' होता, म्हणजे एका वर्गांतील सगळ्या होड्या आकारानें, वजनानें व शिडानें सारख्या असाव्यात असा नियम होता. शर्यतींत धन्याची थैली जिंकूं नये, हांकणाऱ्याचा हात जिंकावा, हा त्यांतील उद्देश. अतएव या ठिकाणीं नक्कल हुबेहूब असणें ही हौसेची बाब नसून न्यायाची बाब आहे. एका होडीचें नाक चार बोटें अधिक निमुळतें असेल तर तिच्यामुळें दुसऱ्या तीनशें होड्यांची अप्रतिष्ठा होते.

आतां या होडीची मूळ प्रत कोणती? सामान्य मनुष्य म्हणेल, १९१४ सालीं पहिली बांधली ती. पण हेरेशॉफची कामाची रीत पाहिली म्हणजे तें उत्तर टिकत नाहीं. तो प्रथम कागदावर आकाराच्या रेघा क्वचितच काढी. लांकडांतून होडीच्या एका अर्ध्या अंगाची लहान प्रमाणावरची प्रतिकृति तो स्वतःच्या हातानें कोरीत असे. ती मनाजोगी उतरली म्हणजे स्वतः योजिलेल्या एका उपकरणानें ठराविक अंतरांवर तिचीं मापें घेऊन तीं वहींत कोष्टकरूपानें मांडी. त्या कोष्टकावरून पूर्ण आकाराचे लांकडी फर्मे कापले जात, दर बरगडीस एक याप्रमाणें. मग होडी पालथी, म्हणजे तळ आभाळाकडे करून, त्या फर्म्यांवर बांधावयाची. वाफेनें मऊ केलेली ओकची बरगडी फर्म्यावर वांकवावयाची, तीवर सीडरच्या फळ्या स्क्रूनें बसवावयाच्या, आणि कवच पुरें होतांच तें उचलून सुलटें करावयाचें. फर्मे पुढच्या होडीस मोकळे.

म्हणजे कोरलेली अर्धी प्रतिकृति हें कर्त्याचें स्वहस्ताक्षर; मापांची वही ही पहिली नक्कल; फर्मे ही दुसरी; आणि प्रत्यक्ष होडी, मग ती पहिली असो वा तीनशें चौसष्टावी, ती तिसरी. ज्ञानेश्वरीच्या बाबतींत आपण ज्या पायरीवर जाण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या झुरत आहों, ती पायरी या होडीच्या अभ्यासकास अनायासें मिळालेली आहे. हेरेशॉफच्या अर्ध्या प्रतिकृतींचा संग्रह ब्रिस्टल येथील संग्रहालयांत जतन केलेला आहे, आणि कारखान्याचे हजारों नकाशे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या हार्ट नौकासंग्रहांत आहेत. एका कारखान्याचें दप्तर इतकें अभंग राहिल्याचीं उदाहरणें थोडीं.

दप्तर नाहींसें झाल्यानें काय होतें याचें एक उदाहरण मुंबईच्या वाडियांच्या गोदीशीं निगडित आहे. इंग्लंडच्या आरमारासाठीं 'ट्रिंकोमली' ही सागवानी युद्धनौका मुंबईस बांधावयाचें ठरलें, तेव्हां तिचे नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजावरून इकडे रवाना झाले. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक तें जहाज अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेच्या हातीं सांपडून जळालें, आणि नकाशे त्याच्याबरोबर गेले. दुसरी प्रत काढून पाठवावी लागली व नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें सुरक्षित आहे. लंडनमध्यें दुसरी प्रत निघूं शकली म्हणून हें साधलें. असो.

आतां आपल्या होडीचा वंशविस्तार पाहूं. १९२४ सालीं हेरेशॉफचा कारखाना लिलावांत निघाला व हॅफेनरेफर घराण्याकडे गेला. होडीची बांधणी मात्र चालूच राहिली. याच सुमारास जुन्या चौकोनी शिडाऐवजीं उंच त्रिकोणी शीड, ज्यास तिकडे मार्कोनी म्हणत, तेंहि मिळूं लागलें. पोथीच्या भाषेंत हा पहिला पाठभेद. परंतु तो मूळ कारखान्यांतच शिरलेला असल्यामुळें त्यास प्रक्षेप म्हणतां येत नाहीं. महायुद्धाच्या काळांत ब्रिस्टलची बांधणी थांबून तें काम क्विन्सी ॲडम्स या कारखान्याकडे आलें, व तेथून वेअरहॅम येथील केप कॉड शिपबिल्डिंगकडे. या दोन्ही ठिकाणीं मिळून झालेल्या लांकडी होड्या ब्रिस्टलच्या मानानें थोड्याच. १९५० च्या सुमारास लांकडी परंपरा खंडित झाली. कारण उघड होतें: सोळा फुटी होडीस कुशल सुतारांचे इतके तास लागत कीं, तिची किंमत मुलांच्या होडीची राहिली नाहीं.

याच वळणावर पहिली पुनर्निर्मिति झाली. १९४९ सालीं केप कॉडच्या कारखान्यानें 'बुल्सआय' ही होडी काढली. तिचें कवच फायबरग्लासचें, म्हणजे कांचेचे तंतु व राळ सांच्यांत बसवून केलेलें. आकार साडेबारा फुटीचाच. परंतु शीड त्रिकोणी, पुढच्या बाजूस लहानसें छत, आणि हा फेरबदल करणारा हेरेशॉफचाच वडील मुलगा सिडनी. लांकूड सोडून नव्या द्रव्यांत उतरलेल्या अमेरिकन होड्यांच्या अगदीं पहिल्या फळींत तिची गणना होते. जुन्या होडीचे अभिमानी तिजवर नाक मुरडतात, तें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्यानें ग्रंथ संक्षिप्त केला, भाषा सोपी केली, आणि मुखपृष्ठावर स्वतःचें वेगळें नांव घातलें, त्याजवर प्रक्षेपाचा आळ घेतां येत नाहीं. 'बुल्सआय' आपणांस साडेबारा फुटी म्हणवीत नाहीं. तिचा वर्ग वेगळा, शर्यती वेगळ्या. मात्र ती जुन्या होडीचें पुनरुज्जीवन होय असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें टाकाऊ आहे. वंशजाला पाहून आजोबांचा चेहरा आठवतो. त्यावरून आजोबा जिवंत आहेत असें ठरत नाहीं.

दुसरी पुनर्निर्मिति खऱ्या अर्थानें संपादनाची आहे आणि तिचा विचार सावकाश केला पाहिजे. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, बझर्ड्स उपसागराच्याच कांठच्या मॅरियन गांवीं, बिल हार्डिंग याच्या पुढाकारानें 'डोडिश' नांवाची होडी निघाली. द्रव्य पुन्हां फायबरग्लासच, परंतु प्रतिज्ञा निराळी. जुन्या लांकडी होडीशेजारीं ही उभी केली असतां पाण्यास दोहोंतील फरक कळूं नये, अशी ती प्रतिज्ञा होती. आकार हुबेहूब, चौकोनी शीड जुन्याप्रमाणेंच, आणि याहून महत्त्वाचें म्हणजे वजन व तें वजन होडीच्या अंगांत जेथें जेथें वांटलेलें असतें ती वांटणी, हींहि जुन्याशीं जुळविलीं. फायबरग्लासच्या दोन थरांमध्यें हलक्या फेसाळ द्रव्याचा गाभा घालून कवचाची जाडी व जडपणा हवा तसा राखला गेला. परिणामीं वर्गाच्या संघटनेनें या होडीस जुन्या लांकडी होड्यांच्या बरोबरीनें शर्यतींत उतरूं दिलें.

ही परवानगी किती मोठी गोष्ट आहे हें बाहेरच्या माणसास चटकन् कळणार नाहीं. नवें द्रव्य हातीं आलें कीं कारागिराचा पहिला मोह सुधारणेचा. कवच हलकें करतां येतें, मग होडी अधिक वेगानें कां जाऊं नये? पाणी गळत नाहीं, मग तळ अधिक बारीक कां करूं नये? नक्कलकार भटजीचा मोह याहून वेगळा नाहीं. अवघड शब्द दिसला कीं तो सोपा घालतो, वृत्त अडखळलें कीं मात्रा भरतो, आणि हें सर्व कर्त्यावरील भक्तीनेंच करतो. 'डोडिश'च्या कर्त्यांनीं हलकें करण्याची शक्ति असून हलकें केलें नाहीं. नव्या द्रव्याचा उपयोग त्यांनीं जुन्याची बरोबरी साधण्यापुरताच केला. हा संयम आम्हांस या सगळ्या प्रकरणांत सर्वांत स्तुत्य वाटतो.

तथापि एक शंका राहतेच. बरोबरी साधावयाची ती कोणत्या वजनाशीं? लांकडी होडी हंगामाच्या आरंभीं कोरडी असते, व पाण्यांत राहून राहून फळ्या पाणी पितात तसतशी ती जड होते. शिवाय वीस-तीस वर्षांत तिची पाठ किंचित् वांकते, टोकें खालीं येतात, दुरुस्तीच्या वेळीं बरगड्या दुप्पट केल्या जातात. मग जुनी होडी मोजून काढलेला आकार हा हेरेशॉफनें कोरलेला आकार कीं साठ वर्षांच्या वापरानें बदललेला? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं संपलें. तेथें सुकथनकरांस ह्याच प्रश्नास तोंड द्यावें लागलें, आणि त्यांनीं कोणत्याहि एका पोथीस प्रमाण न मानतां पोथ्यांचे कुलसंबंध ठरवून पाठ घेतला. तयार झालेला ग्रंथ तसाच्या तसा कोणत्याच पोथींत सांपडत नाहीं. म्हणून तो खोटा ठरत नाहीं. 'डोडिश' ही त्या अर्थानें चिकित्सक आवृत्ति होय. ती कोणा एका जुन्या होडीची नक्कल नसून वर्गाची नक्कल आहे. जुन्या लांकडी होड्यांपैकीं दोन घेतल्या तर त्यांच्यांत आपसांत जितका फरक निघेल तितकाच जर या नव्या होडींत व त्यांच्यांत निघत असेल, तर संपादकाचें कर्तव्य पार पडलें असें म्हटलें पाहिजे.

तिसरा प्रयत्न उलट दिशेचा. मेन संस्थानांतील ब्रुकलिन गांवचा नौकाशिल्पी जोएल व्हाइट (१९३०–१९९७) यानें १९८० नंतरच्या दशकांत 'हेवन साडेबारा फुटी' ही होडी आंखली. उथळ खाडींत व वाळूच्या कांठाशीं अडीच फूट खोलीचा कणा अडतो. तेव्हां व्हाइटनें खालचा स्थिर कणा आंखूड करून मधोमध वरखालीं होणारी फळी घातली, आणि खोली दीड फुटावर आणली. या एका बदलानें पुढचे बदल ओढून आणले तें पाहण्यासारखें आहे. शिसें वर सरकलें म्हणजे होडी कलंडूं लागते. तो तोल राखण्यासाठीं रुंदी दोन-एक इंचांनीं वाढवावी लागली. रुंदी वाढली म्हणजे सगळ्या बरगड्यांचें वळण नव्यानें आंखणें आलें. ओवींतला एक शब्द बदलला कीं यमक बदलावें लागतें, यमक बदललें कीं पुढचा चरण, तशांतली ही गोष्ट. डोळ्यांस मात्र ती जुन्या होडीसारखीच दिसते, इतकी कीं बंदरांत नांगरलेली पाहून जाणत्यांचीहि फसगत व्हावी.

आकाराच्या दृष्टीनें पाहिल्यास ही मूळ प्रतीपासून ढळलेली आहे, आणि व्हाइटनें 'हेवन' हा शब्द पुढें जोडून तें कबूलहि केलें आहे. पण दुसऱ्या एका बाबतींत ती 'डोडिश'हून मुळाशीं अधिक एकनिष्ठ निघाली. व्हाइटनें लांकूड सोडलें नाहीं. आणि नुसतें लांकूडच नव्हे, तर हेरेशॉफची बांधण्याची रीतहि सोडली नाहीं. होडी पालथी, दर बरगडीस फर्मा, वाफेनें वांकविलेलें ओक. ही रीत पायरीपायरीनें सांगणारें पुस्तक मेनार्ड ब्रे यानें लिहिलें, आणि त्या आधारानें कारखानदारांनींच काय, पण घरच्या अंगणांत काम करणाऱ्या हौशी माणसांनींहि या होड्या बांधल्या. म्हणजे ब्रिस्टलच्या कारखान्यांतील सुतारांचा जो हात १९५० च्या सुमारास पडला होता, तो या वाटेनें पुन्हां चालता झाला.

एवंच 'डोडिश'नें आकार राखला व हात सोडला. 'हेवन'नें हात राखला व आकार सोडला. दोन्ही राखावयाचे तर जुन्या मापांवरून जुन्याच लांकडांत नवी होडी बांधावी लागते. तशा होड्याहि बांधल्या जातात, पण खर्चामुळें त्या विरळा. मग या दोहोंत अधिक मोलाचें कोणतें? वर्गाच्या दृष्टीनें विचाराल तर उत्तर सोपें आहे: शर्यत न्याय्य राहिली पाहिजे, म्हणून 'डोडिश'. पण संशोधकाच्या दृष्टीनें आमचें मत 'हेवन'च्या बाजूस झुकतें, आणि त्याचें कारण दप्तरांत आहे. आकार हरपला तरी तो परत मिळवितां येतो. हेरेशॉफची कोरीव प्रतिकृति जोंवर ब्रिस्टलला भिंतीवर आहे तोंवर कोणीहि मापें घेऊन तो उभा करूं शकेल. हाताचें तसें नाहीं. बरगडी वाफेंतून काढल्यावर किती क्षणांत फर्म्यावर बसवावी, कोणती फळी आधीं व कोणती मागून, ओक कोणत्या अंगानें चिरला असतां वांकतांना फुटत नाहीं, यांपैकीं एकहि अक्षर मापांच्या वहींत नाहीं. वही लिहिणारास तें लिहिण्याची गरज वाटली नाहीं, कारण वाचणारा पलीकडच्या दालनांत उभा होता. मोडी कागदांतील हिशेबाच्या खुणा ज्या कारणानें आपणांस अडवितात, तेंच हें कारण.

यावर लांकडाचे कट्टर अभिमानी म्हणतील कीं, मग फायबरग्लासचा निषेधच केला पाहिजे. हा आग्रह निराधार होय. लांकूड हें हेरेशॉफचें व्रत नव्हतें. १८९५ च्या शर्यतीसाठीं त्यानें 'डिफेंडर' नौका घडविली ती पोलादी बरगड्यांवर खालीं कांसें व वर ॲल्युमिनियम लावून. खाऱ्या पाण्यांत त्या धातूंचें एकमेकांशीं जमलें नाहीं व नौका लौकरच गंजून गेली, ही गोष्ट वेगळी. पण हलकें व मजबूत द्रव्य दिसलें कीं तें वापरण्यास तो कचरत नसे. त्यास फायबरग्लास मिळतें तर त्यानें तें वापरलें असतें किंवा नाहीं, ही चर्चा व्यर्थ आहे. लांकूड पवित्र म्हणून नव्हे, तर लांकडाबरोबर एक विद्या बांधलेली आहे म्हणून तें राखावयाचें. ज्या दिवशीं ती विद्या दुसऱ्या कोणत्या मार्गानें टिकूं शकेल त्या दिवशीं हा मुद्दा उरणार नाहीं.

तुलनेसाठीं आयर्लंडांतील एक प्रकरण पाहावें. डब्लिनच्या उपसागरांतील एकवीस फुटी वर्गाच्या सात नौका आल्फ्रेड मिल्न यानें १९०२ सालीं आंखल्या. १९६४ सालीं त्यांचीं जुनीं शिडें काढून नवीं घातलीं. १९८६ च्या वादळांत त्यांची दुर्दशा झाली, आणि पुढें तीसएक वर्षें त्यांचे सांगाडे एका आवारांत पडून राहिले. अलीकडे किलरश येथें त्यांचा उद्धार सुरू झाला. पण तेथें जुन्या नौकेंतून जें राहिलें तें मुख्यत्वें तळाचें शिसें. त्यावर पातळ लांकडी थर राळेनें चिकटवून नवें कवच चढविलें, व नांव जुनेंच दिलें. हें जीर्णोद्धार म्हणावें कीं नवी मूर्ति? शिशाचा गोळा हा नौकेचा आत्मा मानण्यास आम्ही तयार नाहीं. पोथीची लांकडी फळी जुनी, बासन जुनें, आंतलीं पानें कालचीं, असें संग्राहकानें आणून दाखविलें तर आपण काय म्हणूं? आकार मिल्नच्या रेषांप्रमाणें असल्यास 'मिल्नच्या आंखणीची नवी नौका' एवढें म्हणावें, आणि तेवढें म्हणण्यांत कमीपणा कांहीं नाहीं. नौका सुरेख आहेत, त्या पुन्हां पाण्यावर आल्या याचा आनंदच आहे. तक्रार फक्त वंशावळीच्या नोंदीची. त्याच शहरांतील 'वॉटर वॅग' या १८८७ सालच्या वर्गाची गोष्ट निराळी. १९०० सालीं त्यांनीं आपली आंखणीच बदलली, ती एका नौकाकाराची कन्या मेमी डॉयल हिच्या हातून, आणि ती बदलली असें उघड नमूद करून. तेव्हांपासून त्याच आंखणीवर लांकडी होड्या होत आल्या आहेत. जो वर्ग मेलाच नाहीं त्यास पुनर्निर्मितीची गरज पडत नाहीं.

आपल्याकडे स्थिति बरोबर उलट आहे. सभासदानें आपल्या बखरींत शिवाजीमहाराजांच्या आरमारांतील नौकांच्या जाती नांवानिशीं दिल्या आहेत: गुराबा, तरांडीं, गलबतें, शिबाडें आणि आणखी कित्येक. नांवें राहिलीं, आकार गेले. नौका बांधणाऱ्याचीं प्रमाणें त्याच्या डोळ्यांत व वितींत असत. हेरेशॉफसारखी कोरीव अर्धी प्रतिकृति मागें ठेवण्याची चाल नव्हती. म्हणून उद्यां कोणी गुराब पुन्हां बांधूं म्हणेल तर त्याच्या हातीं परकीयांचीं चित्रें, कांहीं वर्णनें, आणि तर्क एवढेंच येईल.

असा तर्काचा प्रयोग अगदीं नुकता होऊन गेला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रावरून काथ्यानें शिवलेली शिडाची नौका गोव्यांत बांधण्यांत आली; २०२५ च्या मे महिन्यांत ती कारवार येथें भारतीय नौदलांत 'कौंडिण्य' या नांवानें दाखल झाली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोरबंदरहून मस्कतच्या सफरीस निघाली. चित्राला मापें नसतात. चितारी पाण्याखालचें अंग दाखवीत नाहीं. तेव्हां त्या नौकेचा आकार हा संपादकाचा अनुमानित पाठ आहे, आणि तो तसाच समजला पाहिजे. पण फळीस फळी शिवण्याची कला केरळच्या कारागिरांच्या हातांत जिवंत होती, म्हणून तो पाठ नुसता कागदावर न राहतां समुद्रावर गेला. 'हेवन'संबंधीं वर जें म्हटलें त्यास याहून बळकट पुरावा आम्हांस सुचत नाहीं. तथापि या नौकेच्या बाबतींत एक मागणी केलीच पाहिजे. तिचा कोणता भाग चित्रावरून घेतला, कोणता ग्रंथांवरून, कोणता शिवणाऱ्या कारागिराच्या सांगण्यावरून, आणि कोणता आधुनिक गणितावरून, याचें टिपण भागवार, तळटीपांसह प्रसिद्ध व्हावें. तें न झाल्यास आणखी पन्नास वर्षांनीं हीच नौका जुन्या नौकेचा पुरावा म्हणून दाखविली जाईल.

संग्राहक मंडळींकडे या कामीं एक कामगिरी आहे. पेशवे दप्तरांत व कोंकणांतील घराण्यांच्या रुमालांत आरमाराचे व गलबतांच्या बांधणीचे हिशेब निघतात. सागाचे सोट किती हात लांब, खिळे किती मण, काथ्या किती, सुतारांची रोजमुरा किती दिवसांची, असल्या ओळी राजकारणाचा मजकूर नसल्यामुळें बहुधा उतरून घेतल्या जात नाहींत. सोटाच्या लांबीवरून तळाच्या कण्याची लांबी, आणि खिळ्यांच्या वजनावरून फळ्यांची जाडी यांचा अदमास करतां येतो. दिवसांच्या संख्येवरून काम किती हातांचें होतें हेंहि कळतें. असे कागद छापतांना गलबताचें नांव व जात जेथें दिली असेल तेथें हिशेबाच्या ओळी गाळूं नयेत, आणि हात, वीत, तसू हीं मापें फुटांत बदलून न देतां कागदांत आहेत तशींच द्यावींत.